बागेतल्या शंका : लॉन मेलंय का झोपलंय?

प्रश्न : ताई, मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो, दिंडोरीकडे दोन एकर द्राक्षबाग आहे, आता मुलगा बघतो. मार्चअखेर कॅनडात ओटावाला लेकीकडे आलोय. एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि खालून जे लॉन निघालं ते म्हणजे नुसता भिजलेला कडबा, मधेमधे ताटलीएवढे पांढुरके गोल. जावईबापू म्हणतात पप्पा आत्ता काही करू नका, पण माझे हात शिवशिवतात. युरिया फेकू का? का सगळं खणून आपली हरळी लावू?

उत्तर : काका, यावेळी जावईबापूंचं ऐका. वाफसा नसताना, म्हणजे माती ओलीचिकट असताना, बागेत ट्रॅक्टर घालता का तुम्ही? मग तिथे बूट घालून कशाला फिरताय! वरचा बर्फ गेला तरी खालची जमीन बरेच दिवस गोठलेली राहते, पाणी मुरत नाही, त्यात चाललं की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. मूठभर माती दाबून बघा, लाडू वळला आणि बोटानं टोचूनही फुटला नाही तर अजून आठवडाभर चहा घेत खिडकीतूनच बघायचं.

आता मेलंय का झोपलंय ते. एक झुबका धरून हलकेच ओढा. चटकन हातात आला तर गेला, घट्ट बसलेला असेल आणि बुडाशी पांढरट हिरवं काही दिसलं तर जिवंत आहे. तिकडच्या लॉनमध्ये बहुतेक केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास असं असतं, ही थंडीची मंडळी, १५ ते २४ डिग्रीत जोमात वाढतात आणि ऐन उन्हाळ्यात सुस्तावतात. आपली हरळी बरोबर उलटी, तिला ऊन पाहिजे, ओटावाच्या हिवाळ्यात ती टिकायची नाही, आणि नाशिकहून माती-मुळ्या नेण्याचा विचार तर सोडाच, विमानतळावरच काढून घेतील.

ते पांढुरके गोल म्हणजे स्नो मोल्ड, बर्फाखाली वाढणारी बुरशी. द्राक्षावरचे भुरी-डाऊनी हे बुरशीचे रोग बघून केस पिकले तुमचे, त्यामुळे फवारणीचा पंप आठवला असणार, पण इथे औषध लागत नाही. चिकटलेली पाती पंजाच्या दाताळ्यानं हलक्या हातानं उचलून मोकळी करा, वारा लागला की बुरशी आपोआप थांबते. ड्राइव्हवेच्या कडेचा पट्टा करपला असेल तर तो हिवाळ्यात टाकलेल्या मिठाचा प्रताप, तिथे दोन-तीनदा भरपूर पाणी सोडायचं.

युरिया मात्र नकोच. मी स्वतः एकदा ओल्या लॉनवर फेकला होता, चार दिवसांत माझा हात कुठून कसा फिरला त्याची पिवळी नक्षी उमटली, घरचे अजून हसतात. त्यात ४६ टक्के नत्र, आणि एवढ्या लवकर दिलं की वर पाती सुटतात पण मुळं तिथेच. द्यायचंच तर मेअखेर, हळू सुटणारं खत, तेही थोडं. खरा डोस सप्टेंबरचा. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीचं काम एप्रिलमध्ये होत नाही ना, तसंच आहे हे. मोकळ्या जागी बी टाकायलाही ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हाच चांगला काळ.

एक गोष्ट मात्र वेळेवर करावी लागते, क्रॅबग्रास. हे तण माती १३ डिग्रीच्या आसपास तापली की उगवायला लागतं, शेजारी फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुलली की समजायचं वेळ आली. पण ओंटारियोत, म्हणजे ओटावा ज्या प्रांतात आहे तिथे, २२ एप्रिल २००९ पासून घराच्या लॉनवर नेहमीची तणनाशकं मारायला बंदी आहे, त्यामुळे मक्याचं ग्लूटेन मिळतं ते टाकतात. त्यानं गवताचं बीही रुजत नाही, म्हणजे ते टाकलं तर त्या जागी पेरणी नाही, दोन्हीतलं एकच! शिवाय त्यात नत्र असतं, ते खतात धरा.

मशीन काढाल तेव्हा आधी पातं धार लावून घ्या. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, साधारण साडेसात सेंटीमीटर ठेवा, नाशिकच्या मेक्सिकन लॉनसारखं गालिचा करायला जाऊ नका. कापलेलं तिथेच पडू द्या.

प्रश्न : इंदिरानगरला छोटा बंगला आहे. नर्सरीवाल्यानं 'फॉरेनचं केंटकी' म्हणून बियांचं पाकीट दिलंय, महाग होतं. मार्चमध्ये टाकू का?

उत्तर : वहिनी, पाकीट परत घेत असेल तर आजच देऊन या. उगवेल कदाचित, पण एप्रिल-मेच्या चाळिशीत तुमच्या डोळ्यादेखत वाळेल. हरळीच लावा, जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर, मुळीसकट तुकडे वीतभर अंतरानं. आणि गणपतीत दूर्वा विकत आणाव्या लागणार नाहीत.