पेशी स्थलांतर करतात की रांगतात?

प्रश्न असा आहे : शाळकरी मुलांसाठी ‘जखम कशी भरते’ यावर मराठीत लिहिताना ‘सेल मायग्रेशन’ला ‘पेशींचं स्थलांतर’ म्हणावं का? आणि ‘एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स’, ‘ग्रोथ फॅक्टर’ यांना काय म्हणावं?

‘स्थलांतर’ चूक नाही, पण त्वचेबद्दल लिहिताना मला तो शब्द खटकतो. भाषांतर, रूपांतर, देशांतर या शब्दांत ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरं’. स्थलांतरातही तेच, त्यामुळे सगळा भर एक जागा सोडून दुसरी गाठण्यावर येतो. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब घराला कुलूप लावून जातं, ते स्थलांतर. जखमेच्या काठावरच्या पेशी मागे रिकामं घर ठेवत नाहीत. शेजारणीचा हात धरूनच त्या उघड्या जागेवर पुढे सरकतात, आणि त्यांच्या मागच्या पेशी विभागून नवी भर घालत राहतात. मुलाच्या फुटलेल्या गुडघ्यावरची खपली नीट पाहा. ती आधी कडेनं सुटते आणि खाली गुलाबी, चकचकीत कातडी दिसते. ‘जखम कडेनं भरत आलीय’ असं आपण म्हणतो, त्यात दिशासुद्धा बरोबर सांगितलेली असते.

म्हणून पेशींच्या थरासाठी ‘सरकणं’ आणि एकेका पेशीसाठी ‘रांगणं’, असं मी सुचवेन. बाळ हात पुढे टाकतं, जमिनीला तळवा रोवतं, अंग ओढतं, मग मागचा गुडघा उचलतं. पेशीही पुढची कड पातळ पदरासारखी पसरते, इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी खालचा आधार पकडते, अंग ओढते आणि मागची पकड सोडते. गुळगुळीत फरशीवर बाळ घसरतं, चिकट जागी अडकतं. पेशीचंही तसंच : पकड फार सैल किंवा फार घट्ट झाली की वेग मंदावतो, मधल्या पकडीला तो सर्वांत जास्त असतो.

ती जमीन म्हणजेच मॅट्रिक्स. मूळ लॅटिन शब्द ‘आई’वरून आलेला, जुना अर्थ गर्भाशय. मराठीत ‘आधारद्रव्य’ म्हणतात, पण ‘द्रव्य’ वाचून मुलांच्या डोळ्यांपुढे पातळ पदार्थ येईल. पहिल्यांदा ‘पेशींबाहेरची आधारजाळी’ लिहा, कारण ती खरोखर कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन अशा धाग्यांची विणलेली असते. एरवी त्वचेच्या तळाच्या पेशी लॅमिनिन नावाचं प्रथिन असलेल्या पातळ पटलावर घट्ट बसलेल्या असतात. जखम झाली की ती पकड सोडून त्या फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजेन धरायला लागतात, आणि कोलॅजेन कापणारं विकर (एन्झाइम) सोडून खपलीखालून वाट काढतात.

‘जखम सुकली’ म्हणजे बरी झाली, असं आपण बोलतो. वरून दिसतं तेवढं ते खरं आहे. पण 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांच्या त्वचेवर दाखवून दिलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जास्त लवकर धरते. कोरड्या खपलीखाली पेशींना ओल शोधत खोलवरून जावं लागतं. लेखात हा वाक्प्रचार वापरायचा तर एवढं सांगाच.

‘ग्रोथ फॅक्टर’साठी ‘वृद्धिघटक’ ठीक, पण त्यात अर्धीच गोष्ट येते. स्टॅन्ली कोहेन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या लाळग्रंथीतून जो घटक वेगळा काढला (1986 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता), तो दिल्यावर उंदरांच्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडले. तोच घटक त्वचेच्या पेशींना विभागायलाही लावतो आणि सरकायलाही. आणखी एका घटकाला तर दोन नावं पडली होती : यकृताच्या पेशी वाढवतो म्हणून एक, आणि एकत्र असलेल्या पेशी विखुरतो म्हणून ‘स्कॅटर फॅक्टर’. दोन्ही एकच असल्याचं 1991 मध्ये कळलं. टीजीएफ-बीटा (ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा) या घटकाच्या नावात ‘ग्रोथ’ आहे, पण त्वचेच्या पेशींचं विभाजन तो उलट रोखतो आणि त्यांच्या सरकण्याला मात्र मदत करतो. मुलांसाठी मी ‘पेशींना निरोप देणारी प्रथिनं’ असं लिहीन आणि कंसात ‘वृद्धिघटक’ देईन.

तुमचं वाक्य मग असं होईल : ‘निरोप मिळाला की काठावरच्या पेशी आधारजाळी धरून रांगत पुढे येतात आणि जखम कडेनं भरत जाते.’