ताप उतरल्यावरही झिका वारेत राहू शकतो का?

हो, राहू शकतो. झिका हा डासांतून पसरणारा विषाणू, आणि वार (प्लासेंटा) म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणारा अवयव. सिडकोतल्या तुमच्या वहिनींचा झिका रिपोर्ट गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात पॉझिटिव्ह आला, आता ताप नाही की पुरळ नाही, तरी डॉक्टर सारखी सोनोग्राफी का सांगतात, असं तुम्ही विचारलंय. त्याचं कारण वारेतच आहे.

वारेचा बाहेरचा थर आईच्या रक्तात भिजलेला असतो आणि बहुतेक विषाणूंना दाद देत नाही. त्याच्या आत, बाळाच्या बाजूला, हॉफबाउअर पेशी असतात. त्या खरं तर पहारेकरी. पण झिका त्यांच्यातच शिरून वाढतो आणि त्या पेशी फारशा मरतही नाहीत. म्हणून संसर्गानंतर कित्येक महिन्यांनीही त्याचा अंश वारेत सापडलेला आहे. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आणि रुबेला हे विषाणूही वारेत असाच मुक्काम करू शकतात.

घाबरून जाऊ नका, बहुतेक बाळं व्यंगाशिवाय जन्मतात. जन्मदोष दिसतो तो १०० पैकी साधारण ५ ते १० बाळांत. पण सोनोग्राफी चुकवू नका, बाळाच्या डोक्याची वाढ त्यातच कळते. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो, म्हणून संबंध ठेवताना प्रसूतीपर्यंत कंडोम वापरायला भावाला सांगा, हे कुणी उघड बोलत नाही. आणि बाळंतपणानंतर वार तपासणीला पाठवता येईल का, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. नंतरच्या गडबडीत ती टाकून दिली जाते.