मळ्यातले प्रश्न : मोठा पांढरा मिलीबग की आणखी कोणी?

प्रश्न : काकू, पिंपळगाव बसवंतजवळ आमची ३ एकर द्राक्षबाग आहे. ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण आहे आणि त्यातच दुपटीहून मोठे, पांढऱ्या दोऱ्यांचे किडे फिरताहेत. शेजारी म्हणतात, मिलीबगच माजलाय, फवारा. काय करू?

उत्तर : दादा, पंप खाली ठेवा. ती मिलीबगला खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी आहे. काडीने डिवचून बघा. मिलीबग जेमतेम हलेल, ही चटकन पळेल. मिलीबगची मादी ३-४ मिलिमीटरची, ही अळी १३ पर्यंत वाढते.

दिंडोरीच्या आमच्या बागेत मीही फसले होते. अख्खी ओळ फवारली, त्याची हळहळ अजून जात नाही. पुढच्या हंगामात काचेच्या बरणीत मिलीबगची काडी ठेवली आणि रोज भिंग घेऊन बसले. भुंगेऱ्याची मादी अंडी घालते तीच मिलीबगच्या कापसासारख्या अंडीपुंजात. त्यातून निघालेली अळी इतकी इवली, की वाढलेल्या मिलीबगच्या वाटेला ती गेलीच नाही. कापसात शिरून अंडी आणि नुकती निघालेली पिल्लं तेवढी खात राहिली. एका पुंजात शेकडो अंडी असतात, म्हणजे पोट तिथेच भरतं. कात टाकत चौथ्या अवस्थेला आली, तेव्हा मोठ्या माद्याही धरायला लागली. भुंगेरा झाल्यावरही खाणं मिलीबगचंच, पण अंडी घालायला पुन्हा तो कापूसच हवा.

बरणीतला मिलीबग संपला त्या दिवशी मोठ्या अळ्यांनी लहानग्या अळ्या खाल्ल्या. बघवत नव्हतं. म्हणून सांगते, मिलीबग नसलेल्या बागेत ‘आधीच तयारी’ म्हणून भुंगेरे सोडू नका.

(क्रायसोपर्ला या दुसऱ्या मित्रकिडीचं वेगळंच. त्याची अळी मावा आणि मिलीबग खाते, पंख फुटले की मात्र मकरंद, पराग आणि अशा किडी सोडतात तो गोड चिकटा यांवर जगते. त्याच्यासाठी बांधावर फुलं हवीत.)

आता तुमचं काम. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. चिकट्याच्या लोभाने मुंग्या मिलीबगची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. खोडाची ढिली साल काढाल, तीही लगेच जाळू नका. तिच्याखाली या भुंगेऱ्याचे कोष सापडतात. तेवढे तुकडे निवडून वेलीखाली सावलीत ठेवा, बाकीची साल खुशाल जाळा.