एफडी मोडून बायोफ्लॉक टाकावं का?

प्रश्न: बदनापूर तालुक्यात मोसंबीची बाग आणि ३० बाय ३० मीटरचं प्लास्टिकचं शेततळं आहे. साडेचार लाखांची एफडी मोडून, वर तीन लाख कर्ज काढून सात टाक्यांचं बायोफ्लॉक (टाकीत सतत हवा सोडून आणि गुळावर जिवाणू वाढवून दाट मासे पाळायची पद्धत) टाकायचा विचार आहे. कोटेशनवाला वर्षाला चार लाख नफा सांगतो.

उत्तर: एफडीला हात लावू नका. कोटेशनमध्ये माशाचा भाव १८० रुपये किलो धरला असेल, तर तो किरकोळ गिऱ्हाइकाचा समजा. बांधावर येणारा व्यापारी १०० च्या आसपास मागेल, श्रावणात त्याहून कमी.

चार मीटर व्यासाच्या टाकीत चार फूट पाणी म्हणजे साधारण १५ हजार लिटर. हजार लिटरमागे १५ किलो मासा निघाला तरी सात टाक्यांत एका पिकाला जेमतेम १,६०० किलो, म्हणजे १ लाख ६० हजार. किलोभर माशाला १.३ किलो खाद्य, दर ४५ रुपये धरला तर ९४ हजार तिथंच गेले. उरलेल्या ६६ हजारांत बीज, गूळ, वीज, डिझेल आणि हप्ता बसवायचा! वर्षात दोन पिकं घेतली तरी चार लाख कुठून येणार?

खरी मेख विजेची आहे. इतक्या दाट माशांना हवा चोवीस तास लागते; रात्री लाईट गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, की सकाळी टाकीवर मेलेले मासे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुदान ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. पण ते काम झाल्यावर मिळतं. तोवर व्याज तुमचंच.

त्यापेक्षा तळ्यात पाऊस साठला की कटला-रोहूची ६०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा. जिरे (नुकती अंड्यातून निघालेली बारीक पिल्लं) घेऊ नका, मर फार होते. मृगळ मासा तळाचं खातो, प्लास्टिकवर गाळच नसल्यानं तो कमीच ठेवा. सत्तर टक्के जगले आणि आठ महिन्यांत ६०० ग्रॅमचे झाले, तर अडीचशे किलो. खाद्य-बीज वजा जाता हाती आठ-दहा हजार. थोडे आहेत, पण बुडाले तर एफडी शाबूत राहते.

बागेला पाणी देताना तळ्यात पाच फूट राखा. मार्चमध्ये ते जमत नसेल तर त्याआधीच मासा विका. हिरवं पाणी ठिबकचा फिल्टर तुंबवतं, तो रोज धुवा. ढगाळ पहाटे मासे वर येऊन तोंडानं हवा ओढू लागले तर खाद्य बंद ठेवून मोटारीनं तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडा. जाळ्याला लोखंडी वजन नको, प्लास्टिक फाटतं. आणि फवारणीचा पंप तळ्यात कधीही धुऊ नका.