निवेदक जे सांगत नाही: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी कोकणातून आलेली तीन पत्रे एकाच कादंबरीविषयी आहेत. मार्क हॅडन या ब्रिटिश लेखकाची 'द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. इंग्लंडमधील स्विंडन गावात राहणारा पंधरा वर्षांचा क्रिस्टोफर बून शेजारणीच्या कुत्र्याला कोणी मारले याचा शोध घेऊ लागतो, आणि तो शोध त्याच्या स्वतःच्या घरातील एका मोठ्या असत्यापर्यंत जाऊन पोहोचतो, हा तिचा विषय. ही कथा क्रिस्टोफर स्वतःच सांगतो. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांना आधीच सांगते, की पुढील उत्तरांमध्ये कथानकातील रहस्ये उघड झाली आहेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवते. ही कादंबरी वर्गात घेतली की विद्यार्थी प्रथम मोबाइलवर ऑटिझमची (स्वमग्नतेची) लक्षणे शोधतात, एकेक लक्षण क्रिस्टोफरला लावून पाहतात आणि शेवटी 'त्याला भावना नाहीत' असे लिहून मोकळे होतात. शिवाय स्विंडन किंवा लंडनची भुयारी रेल्वे यांचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर नाही. सुरुवात कोठून करावी? (एक प्राध्यापिका, रत्नागिरी)

उत्तर : सुरुवात निवेदनापासून करावी, लक्षणांपासून करू नये. लक्षणांची यादी हाती असली की विद्यार्थी कादंबरी वाचत नाही, तो तपासणी करू लागतो. आणि तपासणीत जे बसत नाही ते त्याच्या नजरेतून निसटते. आपण त्यांना एकच प्रश्न द्यावा : या पानावर क्रिस्टोफरने काय पाहिले आणि त्यातून तुम्हाला काय कळले? या दोन उत्तरांमधील अंतरात ही कादंबरी घडते.

त्यासाठी पत्रांचा प्रसंग घ्यावा. आई हृदयविकाराने वारली असे वडिलांनी क्रिस्टोफरला सांगितलेले आहे. वडिलांनी जप्त केलेली आपली वही शोधताना त्याला वडिलांच्या खोलीत एका खोक्यात आईची पत्रे सापडतात, आणि पाकिटावरच्या शिक्क्यावरची तारीख तिच्या 'मृत्यू'नंतरची आहे. कोणताही वाचक क्षणार्धात उमजतो की आई जिवंत आहे. क्रिस्टोफर मात्र आधी इतर शक्यता तपासत राहतो. एकामागून एक पत्रे वाचल्यानंतर तो 'मला दुःख झाले' असे कोठेही लिहीत नाही. तो अंगाची जुडी करून पडून राहतो, त्याला उलटी होते आणि मधला काही काळ त्याच्या आठवणीतून पुसला जातो. ज्या विद्यार्थ्याला या पानावर भावना दिसत नाही, तो भावनेचे नाव शोधत असतो. येथे नाव नाही. शरीर आहे, तारीख आहे आणि स्मृतीतील रिकामी जागा आहे. मराठी कथेत दुःख बहुधा पात्राच्या मनातून बोलते, त्यामुळे हे वळण आपल्या मुलांना अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच या पानावर दोन तास घालवले तरी ते वाया जाणार नाहीत.

दुसरा प्रसंग टोबीचा. टोबी हा त्याचा पाळलेला उंदीर. लंडनच्या भुयारी स्थानकावर टोबी रुळांवर उतरतो आणि गाडी येण्याची वेळ झालेली असतानाही क्रिस्टोफर त्याच्यामागे खाली उतरतो. जो मुलगा अनोळखी माणसाचा स्पर्श सहन करू शकत नाही, गर्दीच्या आवाजाने जागीच थिजतो, तो एका उंदरासाठी जीव धोक्यात घालतो. प्रेम हा शब्द तेथेही नाही. 'भावना नाहीत' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने या प्रसंगाचे काय करायचे ते त्यालाच विचारावे.

'अविश्वसनीय निवेदक', म्हणजे ज्याच्या सांगण्यावर वाचकाला पूर्ण विसंबता येत नाही असा निवेदक, ही संज्ञाही येथे जपून वापरावी, असे माझे मत आहे. पाठ्यपुस्तकात ती तयार मिळते म्हणून ती सरसकट लावली जाते. क्रिस्टोफर खोटे बोलत नाही. उलट खोटे बोलणे त्याला जमत नाही असे तो स्वतःच सांगतो. त्याने नोंदवलेला गाडीचा रंग, पाटीवरचा मजकूर, समोरच्याचे शब्द या सगळ्यांवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवू शकतो. उणीव असते ती अर्थाच्या बाजूला, आणि ती भरून काढण्याचे काम लेखकाने वाचकावर सोपवलेले आहे. कादंबरीचे नाव शेरलॉक होम्सच्या ज्या कथेतून घेतले आहे, त्या 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये रात्री कुत्रा भुंकला नाही हाच पुरावा ठरतो. हॅडन यांनी तीच रीत निवेदनाला लावली : निवेदक जेथे गप्प आहे तेथे वाचकाने थांबायचे.

भाषेचेही पाहावे. रूपक म्हणजे असत्य, म्हणून क्रिस्टोफरला ते मान्य नाही. उपमा मात्र खरी असेल तर चालते. त्यामुळे तो उपमा कोठे वापरतो हे टिपण्याजोगे आहे. कुत्रा मेलेला सापडल्यावर आलेला पोलीस एकामागून एक प्रश्न विचारू लागतो तेव्हा आपले डोके पाव कापण्याच्या यंत्रासारखे झाले, काप होण्याच्या वेगापेक्षा पाव अधिक वेगाने येत राहिले, असे तो सांगतो. एरवी आकडे आणि आकृत्यांवर भिस्त ठेवणारा मुलगा ताण असह्य झाला की उपमेकडे वळतो. तो जमिनीला कपाळ टेकून कण्हू लागतो, पोलीस त्याला हात लावतो आणि तो पोलिसाला मारतो. येथे क्रिस्टोफरला पोलीस कळला नाही हे विद्यार्थी लगेच लिहितील. पोलिसालाही क्रिस्टोफर कळला नाही, हे त्यांच्याकडून लिहून घेणे आपले काम आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत; २०१२ साली त्यांनी असे मांडले की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दुहेरी असतो, त्याचा सारा भार एकाच बाजूवर टाकणे योग्य नाही. तो पोलीस-प्रसंग या विचारासह वाचला तर वर्गातील चर्चेची दिशाच बदलते.

आता स्विंडनचा प्रश्न. त्याची काळजी करू नये. अनोळखी स्थानक क्रिस्टोफरलाही अनोळखीच आहे. लंडनच्या प्रवासात पाट्यांचा मजकूर कादंबरीत एकमेकांत मिसळून छापला आहे, कारण त्याला सगळे एकाच वेळी आणि सारख्याच जोराने दिसते. विद्यार्थ्यांना लेखनासाठी गणपतीच्या आदल्या दिवशीचे एसटी स्थानक द्यावे : चाकरमान्यांची गर्दी, फलाटांचे क्रमांक, ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा, भजी तळल्याचा वास, गाडीवरची पाटी. अट एवढीच, की काय महत्त्वाचे आणि काय बिनमहत्त्वाचे हे ठरवायचे नाही आणि 'भीती वाटली' किंवा 'आनंद झाला' असे लिहायचे नाही. कोणाला रेल्वे हवी असेल तर रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहेच. अंधार, दाब, आवाज आणि मोबाइलचे नेटवर्क जाणे एवढ्यावर एक पान सहज भरते. हे लिहून झाल्यावर मुलांना कळते की असे निवेदन करणे किती कष्टाचे आहे. मग ते लेखकाच्या कारागिरीविषयी बोलू लागतील.

प्रश्न : कादंबरीत 'ऑटिझम' हा शब्दच आढळत नाही. मग क्रिस्टोफर ऑटिस्टिक आहे असे परीक्षेत लिहावे की नाही? आणि प्रकरणांचे क्रमांक मधूनच गळलेले का आहेत? (बी. ए.चा विद्यार्थी, सावंतवाडी)

उत्तर : क्रमांक गळलेले नाहीत. क्रिस्टोफरने प्रकरणांना मूळ संख्यांचे क्रमांक दिले आहेत : २, ३, ५, ७ असे करत शेवटचे प्रकरण २३३. मूळ संख्या तर्काने चालतात, पण त्यांचा नियम हाती लागत नाही, आणि आयुष्यही असेच असते असे तो म्हणतो. त्याला आवडणारी व्यवस्था तो पुस्तकालाही लावतो, हे उत्तरात अवश्य लिहा.

पहिल्या शंकेबद्दल आपले अभिनंदन, कारण आपण संहिता नीट वाचली आहे. निदान कादंबरीत नाही. 'ॲस्परगर' हा शब्द, म्हणजे ऑटिझमशी जोडलेल्या एका निदानाचे नाव, सुरुवातीच्या आवृत्तीच्या वेष्टनावर होता, आणि तो तेथे आल्याची खंत हॅडन यांनी नंतर व्यक्त केली. या विषयाचा खास अभ्यास करून आपण ही कादंबरी लिहिलेली नाही, ती वेगळेपणाविषयी आणि बाहेरच्या माणसाविषयी आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले आहे. शिवाय वैद्यकातील नावे बदलत असतात. व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स ॲस्परगर यांनी १९४४ साली अशा मुलांचे वर्णन केले, ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी १९८१ साली 'ॲस्परगर सिंड्रोम' हे नाव रूढ केले आणि २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने ते वेगळे निदान रद्द करून 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या ऑटिझमच्या साऱ्या रूपांच्या एकाच गटात सामावून घेतले. तेव्हा आपण असे लिहावे : संहिता निदान सांगत नाही, तरी वर्णनावरून बहुतेक वाचक क्रिस्टोफरला स्पेक्ट्रमवरचा मुलगा समजतात. पुढे, लेखकाने नाव का टाळले असावे याची चर्चा करावी. माझे उत्तर असे, की निवेदन क्रिस्टोफरचे आहे, आणि पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःकडे निदान म्हणून पाहत नाही. त्याला गणित येते, पिवळा आणि तपकिरी रंग आवडत नाहीत आणि कुत्रा कोणी मारला हे शोधायचे आहे. आपले उत्तर याहून वेगळे असले तरी चालेल, मात्र त्याला पानांचा आधार हवा.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि ऑटिझमचे निदान लहानपणीच झाले आहे. शिमग्याचे ढोल सुरू झाले की तो मागीलदारी जाऊन कान झाकून बसतो. ही कादंबरी वाचलेल्या एका नातेवाइकांनी 'हा गणितात मोठे नाव काढणार' असे सर्वांना सांगून ठेवले आहे. त्याला तर गणित मुळीच आवडत नाही, तो तासन्‌तास होड्यांची चित्रे काढतो. त्याला हे पुस्तक द्यावे का? (एक आई, गुहागर तालुका)

उत्तर : ताई, नातेवाइकांना निःसंकोच सांगा की क्रिस्टोफर ही एका लेखकाने घडवलेली व्यक्तिरेखा आहे. असामान्य गणिती बुद्धी ऑटिझम असलेल्यांपैकी थोड्यांकडेच असते, आणि एका लोकप्रिय कादंबरीमुळे ती अपेक्षा सगळ्याच मुलांवर लादली जाणे हा त्या मुलांवर अन्याय आहे. या पुस्तकाविषयी ऑटिस्टिक वाचकांचीही मते एक नाहीत : काहींना त्यात आपले अनुभव दिसतात, तर काहींना ते बाहेरून काढलेले चित्र वाटते. म्हणूनच टेंपल ग्रँडिन यांच्यासारख्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या लेखिकेचे आत्मकथनही वाचावे. त्यांचे 'इमर्जन्स' १९८६ साली आले. त्यांनी पुढे इतरत्र सांगितले, की आपण चित्रांमधून विचार करतो. होड्या काढणाऱ्या मुलाच्या आईला त्यात पुष्कळ सापडेल. हॅडन यांच्या कादंबरीवरील नाटकात २०१७ साली अमेरिकेत क्रिस्टोफरची भूमिका मिकी रोव या ऑटिस्टिक नटाने केली, हेही नातेवाइकांच्या कानावर घालावे.

पुस्तक द्यायचेच झाले तर आधी आपण वाचावे. त्यात कुत्र्याची हत्या आहे, वडिलांनी मुलाला फसवणे आहे, शिव्याही आहेत. आई-वडिलांच्या शब्दावर पूर्ण विसंबणाऱ्या मुलाला यांपैकी फसवणुकीचा भाग सर्वांत जड जाऊ शकतो, म्हणून पुढे काय घडते ते त्याला आधीच सांगून ठेवले तर बरे. रहस्य फुटल्याने त्याचे काही बिघडणार नाही. त्याला वाचायचे नसेल तर आग्रह करू नये. शिमग्यात पालखी दारी येण्याची वेळ आदल्या दिवशी सांगणे, कान झाकायला काही देणे आणि मागीलदारी बसण्यावरून कोणी टोकणार नाही एवढे पाहणे पुरेसे आहे. दहावी जवळ येत आहे, म्हणून शाळेत एक चौकशी आताच करावी : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे आणि मंडळाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळतात, पण प्रमाणपत्राची कागदपत्रे वेळेत व्हावी लागतात.