चुकून सगळं उडालं तर?

"मॅडम, माझ्या हातून एखादं बटण चुकीचं दाबलं गेलं आणि सगळी पुस्तकं उडाली तर?"

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर टेकायच्या आधीच ताई हे बोलल्या. बँकेतल्या, पतसंस्थेतल्या, शाळेच्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या माणसांकडून हीच काळजी मी कितीदा तरी ऐकते. म्हणून ताईंच्या परवानगीने, त्यांची ओळख झाकून, हे लिहिते आहे.

ताई एका कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर आहेत. वय ५४. बावीस वर्षं एकच सॉफ्टवेअर, तेही फक्त काउंटरच्या कॉम्प्युटरवर चालणारं. आता कॉलेजने 'कोहा' हे ग्रंथालयाचं नवं सॉफ्टवेअर घेतलं, ते ब्राउझरमध्ये चालतं. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि ताईंची झोप गेली. पहाटे तीनला छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत मीही हे नवं शिकण्याचं दडपण समजले आणि श्वासाचे व्यायाम दिले. फरक पडला नाही. दुसऱ्या भेटीत सहज विचारलं, "संध्याकाळी घरी निघताना शेवटचं काम काय करायचात?"

"पेन ड्राइव्हवर बॅकअप. आणि तो पर्समध्ये."

मग २०१९चा ऑगस्ट निघाला. कृष्णेचं पाणी गावात शिरलं, ग्रंथालयाचा तळमजला बुडाला, कॉम्प्युटर गेला. खालच्या रॅकमधली पुस्तकं फुगून तिथंच इतकी घट्ट बसली की ओढून काढावी लागली. ताई तेव्हा माधवनगरला बहिणीकडे होत्या, पेन ड्राइव्ह पर्समध्ये. काय गेलं आणि काय राहिलं, त्याची यादी त्यावरूनच झाली.

"आता म्हणतात डेटा सर्व्हरवर आहे. सर्व्हर कुठाय? कुणाच्या ताब्यात? चार वर्षांनी मी रिटायर होणार. पडताळणीत पुस्तकं कमी भरली तर कागद माझ्याच नावाचा निघणार की."

ताईंच्या बोलण्यात दोन काळज्यांचा गुंता होता. हाताला जमेल का, ही एक. चुकलं तर कुणाच्या माथी, ही दुसरी. पहिली सरावाने जाते. दुसरीला उत्तर लागतं आणि ते संस्थेनेच द्यावं लागतं. पहाटे तीनला उठवत होती ती दुसरी. अशा माणसाला नुसतं 'घाबरू नका, जमेल' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आम्ही दोघींनी बसून प्राचार्यांना चार ओळींचा अर्ज लिहिला. बॅकअप कोण घेणार, किती दिवसांनी? एक प्रत कॉलेजच्या इमारतीबाहेर कुठे राहणार? जुन्या-नव्या नोंदींचा ताळा कोण जमवणार, त्यावर सही कुणाची? आठवड्यात लेखी उत्तर आलं. त्या रात्री ताई सहा तास झोपल्या.

सरावासाठी ट्रेनिंग देणाऱ्या मुलाकडून कोहाची चाचणीसाठीची वेगळी प्रत मागून घेतली आणि ताईंना गृहपाठ दिला: रोज दहा चुका मुद्दाम करायच्या. भलत्याच्या नावावर पुस्तक द्या, अख्खी नोंद खोडून बघा. पुढच्या भेटीला त्या वही भरून आल्या. ज्या नोंदीला पुस्तकाच्या प्रती जोडलेल्या आहेत, ती कोहा खोडूच देत नाही. आणि काउंटरच्या लॉगिनला नोंद खोडायचा अधिकार मुळात दिलेलाच नव्हता! खरी चूक भलतीकडेच सापडली. दोन टॅबमध्ये दोन विद्यार्थी उघडे राहिले की घाईत एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर चढवलं जातं. काउंटरवर टॅब एकच, हा नियम ताईंनी स्वतः केला. ऑल्ट-यू म्हणजे देणे, ऑल्ट-आर म्हणजे परत घेणे, अशी चिठ्ठी मॉनिटरला लावली.

कोहाबद्दल मीही थोडं वाचलं. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी हे बनवून घेतलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तिथल्या काउंटरवरचीपण घाबरलीच असणार बघा."

एक गोष्ट मात्र कुणी धरलीच नव्हती. जुन्या नोंदींतलं मराठी युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या लिपी-संकेताच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. ब्राउझरमध्ये पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसू लागली. फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरने बरीच नावं नीट झाली. रफार आणि जोडाक्षरं जिथे बिघडली, तिथे ते पुस्तक कुठलं हे कुणालाच कळेना. ताई दाखल क्रमांक वाचायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "हे संतसाहित्याच्या कपाटातलं, दुसरा खंड, पाठीला निळी पट्टी आहे." तो ट्रेनिंगवाला मुलगा त्यांच्या शेजारी बसून टाइप करायचा. महिनाभर हे चाललं.

आता ताई माझ्याकडे येत नाहीत. पेन ड्राइव्ह अजून पर्समध्येच असतो. दर शनिवारी पुस्तकांची यादी त्या त्यावर उतरवून घेतात. तो काढून ठेवा असं मी त्यांना कधी म्हटलं नाही.