तीस गुणांची स्मृतिचाचणी आणि चौथी शिकलेली आई

प्रश्न : आईचे वय ७४ असून शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. आरोग्य शिबिरातील दहा मिनिटांच्या स्मृतिचाचणीत तिला ३० पैकी २१ गुण मिळाले. हा स्मृतिभ्रंश समजावा का?

उत्तर : केवळ या आकड्यावरून तसे मुळीच समजू नये. १९७५ पासून वापरात असलेली एमएमएसई आणि २००५ ची मोका या दोन्ही ३० गुणांच्या चाळणी चाचण्या (निदान नव्हे, पुढे तपासणी हवी का एवढेच सुचवणाऱ्या) असून, त्यांतील वाक्य लिहिणे, घनाकृती काढणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे असे प्रश्न शाळेत फारसे न गेलेल्या माणसाला स्मृती शाबूत असतानाही अवघड जातात. मोकामध्ये कमी शिक्षणासाठी एक गुण वाढवून देतात. चौथी शिकलेल्यांसाठी तो मला अपुराच वाटतो. हीच अडचण ओळखून हरियाणातील बल्लभगढ येथे १९९० च्या दशकात निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार झाली. तिच्यात ‘डोळे मिटा’ ही लेखी सूचना वाचून तसे करायला लावण्याऐवजी परीक्षक स्वतः डोळे मिटून दाखवतो.

गुणांपेक्षा आईंच्या वागण्यातील बदल पाहा. आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीत पुरण शिजल्यावर पुढे काय करायचे हे त्यांना सुचेनासे झाले आहे का, भाजीवाल्याशी हिशेब चुकतो का, हे तारखेसह लिहून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. बी-१२, थायरॉइड व श्रवणशक्ती तपासून घ्या आणि नैराश्याबद्दलही विचारा, कारण यांमुळेही गुण घटतात व त्यांवर उपचार आहेत. उलट गुण चांगले आले, तरी रोजच्या कामांत घसरण दिसत असल्यास डॉक्टरांकडे जाणे लांबवू नका.